भवानी होईपर्यंत बाहेर

या मित्रांनो, असे जवळ या. अजून थोडे पुढे सरका, कारण माझा आवाज लाकडाचा आहे, लांबवर पोचत नाही. जिला तोंडच नाही तिने चार महिने खोटे बोलावे, आणि एका दमलेल्या बाईने नुसते खाली बसून ते खोटे उघडे पाडावे, अशी एक कथा मी सांगणार आहे. चित्त इकडे असू द्या.

मी एक जुनी तिवई आहे. बसायची, बुटकी, तीन पायांची. इझमिर शहरात, बंदरापासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या बाजारात रजईवाल्यांची एक अरुंद गल्ली आहे. पाच दुकाने, पाचही रजयांची. त्यांतल्या तिसऱ्या दुकानात मी राहते. माझे पाय तुतीच्या लाकडाचे आणि बैठक लव्हाळ्याच्या दोरीची. मला कोण्या सुताराने घडवले नाही. रिफ्की उस्ताने घडवले, आमच्याकडे कसबी कारागिराला उस्ता म्हणतात, आणि तो तर रजईवाला. सुई धरणाऱ्या हाताने करवत धरली की काय होते, ते माझ्याकडे बघून कळते. एक पाय आखूड राहिला. माझ्यावर जो बसतो तो किंचित समोरच्या दुकानाकडे कलतो. समोरचा जेव्देत उस्ता तेव्हापासून म्हणायचा, "बघ रिफ्की, तुझी तिवईसुद्धा गिऱ्हाइकाला माझ्याकडेच ढकलते."

आता आमच्या गल्लीची रीत सांगते, म्हणजे पुढचे नीट उमजेल. सकाळी दुकान उघडले की प्रत्येकाने आपली तिवई दाराबाहेर ठेवायची. पहिली विक्री झाली, म्हणजे भवानी झाली, की ती आत घ्यायची. त्यानंतर दुसरे गिऱ्हाईक आले, तर दुकानदाराने आधी मान बाहेर काढून गल्लीत बघायचे. कोणाची तिवई अजून बाहेर आहे? असेल, तर छातीवर हात ठेवून गिऱ्हाइकाला सांगायचे, माझे आज देवाने बघितले, आपण तिथे जा. बोर्ड नाही, कागद नाही, कोणी कोणावर पहारा ठेवत नाही. आम्ही पाच तिवया आहोत, तेवढे पुरते.

रिफ्की उस्ताने यात स्वतःची एक भर घातली होती. भवानी झाली की त्या रजईच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा तो माझ्या बैठकीत ओवायचा. हिरवा, जांभळा, डाळिंबी. कुठल्या घरातल्या नवरीच्या अंगावर कुठला रंग गेला, ते माझ्या विणीत वाचता येते. इतके दागिने मित्रांनो, सरदाराच्या घरच्या खुर्चीलाही नसतील.

आणि काय ते दिवस होते! गिऱ्हाइकाला समोर पाठवताना रिफ्की उस्ता म्हणायचा, टाके त्याचे बेडकाच्या उड्यांसारखे आहेत, पण कापूस मात्र चांगला घालतो, जा. जेव्देत उस्ता पाठवायचा तेव्हा सांगायचा, त्याच्या गप्पा ऐकू नका, रजई घ्या आणि पळा. दोघे बत्तीस वर्षे एकमेकांना शिव्या देत एकमेकांचे घर चालवत होते.

परदेशी प्रवासी रजई फारशी घेत नाहीत. ती पेटीत मावत नाही. पण ते दमून माझ्यावर बसत आणि उस्ताला विचारत, कुठे खावे, काय घ्यावे, कसे फिरावे. उस्ता कातरी बाजूला ठेवून मन लावून सांगायचा. सकाळी कोपऱ्यावरच्या भट्टीतले बोयोज खा, पापुद्रे सुटलेले, सोबत उकडलेले अंडे, आणि उभ्यानेच खा, कारण बसलात की ते गार होते. दुपारी उन्हात भटकू नका, त्या वेळी बाजार मांजरांचा असतो. संध्याकाळी बोटीने पलीकडच्या काठाला जा, हातात तीळ लावलेले पावाचे कडे घ्या, अर्धे तुमचे, अर्धे समुद्रपक्ष्यांचे. आणि खरेदी सगळ्यांत शेवटी. "उपाशीपोटी खरेदी केलीस तर माझी रजई घेशील," तो म्हणायचा, "आणि घरी जाऊन तुला कळेल की तुला भाकरी हवी होती."

असा हा माझा उस्ता एका वसंतात, काम करता करता, सुईत दोरा ओवायचा तसाच ठेवून देवाघरी गेला. त्याची बायको नादिदे दुकानात बसू लागली. गल्लीला ती नवी होती, रजयांना नव्हती. गुलाब आणि मोरपिसांची जी नक्षी लोक उस्ताची म्हणून नावाजत, ती सगळी घरी बसून तिनेच घातलेली होती. हे मला ठाऊक होते, आणि उस्ताला. तो सांगायला निघाला की ती डोळे वटारायची.

पहिले काही आठवडे चौघा दुकानदारांनी तिला गिऱ्हाइकांनी न्हाऊ घातले. मग मे महिन्यात एके दिवशी तिने ऐकले. जेव्देत उस्ता दारात उभा राहून कोन्याहून आलेल्या एका लग्नघरच्या मंडळींना सांगत होता, "तिथे घ्या, बिचारी एकटी पडली आहे." मंडळी आली, केशरी रजई घेऊन गेली. नादिदेने दोऱ्याचा तुकडा माझ्यात ओवला. बिचारी. तो एक शब्द तिच्या नखात सुई गेल्यासारखा रुतून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, दारात एकही माणूस आलेला नसताना, तिने मला उचलून आत नेले.

तिथून माझे खोटे सुरू झाले, मित्रांनो. रोज नऊ वाजता आत. गल्ली बघायची आणि समाधान पावायची. नादिदे वहिनींची भवानी झाली, देव आहे, असे म्हणायची, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवायची. खरे तर सबंध उन्हाळ्यात तिच्याकडे कोणी फिरकले नाही. माझ्यावर दोऱ्यांची पेटी ठेवली गेली. माझे सगळे रंग त्या पेटीखाली झाकले गेले. ती मात्र बसून एक निळी रजई शिवत होती, कोणासाठी ते तिलाही माहीत नव्हते. तिची मनिसा गावात राहणारी बहीण दर आठवड्याला फोन करायची. दुकानाला एक भाडेकरू मिळाला होता, मोबाइलची कव्हरे विकणारा. सप्टेंबर संपेपर्यंत हो किंवा नाही सांगायचे होते. नादिदे प्रत्येक वेळी म्हणायची, निळी पूर्ण होऊ दे. आणि मी बघत होते, टाके दिवसेंदिवस बारीक होत चालले होते. संपू नये म्हणून कोणी इतके बारीक शिवते का?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. दुपारचे तीन. ऊन असे की दगडसुद्धा सावली शोधत होते. त्या वेळी दारात एक पाहुणी आली. निवेस तिचे नाव, समुद्रापलीकडच्या त्रिएस्तेची, साठीची, अंगाने भरलेली, तोंड लालबुंद. हातात वही होती. त्या वहीत ती कुठे काय खाल्ले, काय कितीला घेतले, कुठली गल्ली कुठे निघते, असे सगळे पुढच्या प्रवाशांसाठी टिपून ठेवत होती. त्या दिवशी तिने इतके टिपले होते, म्हणजे इतके खाल्ले होते, की चक्कर येत होती. पाय सुजले होते. तिने मोडक्यातोडक्या तुर्कीत पाणी मागितले. नादिदे लगबगीने मागच्या खोलीत गेली.

आता बघा हं. दुकान कापसाच्या उबेने भरलेले, आणि बाहेर छपराखाली वाऱ्याची एक झुळूक. निवेसने इकडे तिकडे पाहिले. दोऱ्यांची पेटी उचलून अलगद जमिनीवर ठेवली. मला पायाला धरून दाराबाहेर नेले, सावलीत ठेवले आणि हुश्श करून बसली.

समोर जेव्देत उस्ता काठीने कापूस झोडपत होता. काठी हवेतच थांबली. पलीकडच्या दुकानातली कातरी थांबली. दुपारचे तीन, आणि रिफ्कीची तिवई बाहेर! गल्लीत असा सन्नाटा पसरला की निवेसला वाटले, आपण काही पाप केले. ती उठू लागली. जेव्देत उस्ता रस्ता ओलांडून आला, तिला नम्रपणे बाजूला व्हायला सांगितले, खाली बसला आणि माझ्या बैठकीवरून बोट फिरवू लागला. हिरवा, जांभळा, डाळिंबी. मग केशरी. केशरीनंतर काही नाही.

नादिदे पाण्याचा पेला घेऊन दारात आली ती तिथेच उभी राहिली.

"पाहुणी बसली होती," ती म्हणाली. "एवढंच आहे."

"वहिनी, हा केशरी कोन्यावाल्यांचा. मीच पाठवलं होतं त्यांना. मे महिना होता." त्याने वर पाहिले. "त्यानंतर एकही नाही?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"रोज नऊ वाजता आत जाते ही. आम्ही रोज देवाचे आभार मानत होतो."

"माना की. मला कोणाची भीक नकोय, जेव्देत उस्ता. बिचारी म्हणालात तुम्ही मला. भर रस्त्यात. मी या दारात होते."

जेव्देत उस्ताने टोपी काढली. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप नसे, पण त्या दिवशी शब्द त्याला गोळा करावे लागले.

"म्हणालो. चूक झाली, वहिनी. तोंड आहे, कधी कधी आधी चालतं." मग तो म्हणाला, "पण एक सांगा. माझा मुलगा आजारी होता ते वर्ष आठवतं? दुपार दुपारपर्यंत माझी तिवई बाहेर असायची. रिफ्कीने त्या वर्षी किती माणसं धाडली माझ्याकडे. मी काय भीक खाल्ली?"

नादिदे माझ्यावरच्या केशरी दोऱ्याकडे बघू लागली.

"मलाही लाज वाटायची. पण मी ती आत नेली नाही. रिफ्की म्हणायचा, तू तिवई लपवलीस तर मी गिऱ्हाईक कोणाकडे पाठवू? माझा देता हात अडेल, गाढवा."

त्या 'गाढवा' मध्ये माझा उस्ता इतका हुबेहूब होता, मित्रांनो, की नादिदेला हसू आले आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. तिने पेला निवेसच्या हातात दिला. मग पदराने म्हणा, ओढणीच्या टोकाने म्हणा, माझ्या बैठकीवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "राहू दे बाहेर."

निवेसला यातले काडीमात्र कळले नाही. तिला वाटले, बसायला परवानगी मिळाली. ती पुन्हा माझ्यावर बसली, जेव्देतच्या दुकानाकडे जरा कलून, पाणी प्यायली, वहीत काहीतरी लिहिले आणि नादिदेच्या गालाचा मुका घेऊन निघून गेली. रजई घेतली नाही. पेटीत मावली नसती.

त्या दिवशी मी दुकान बंद होईपर्यंत बाहेर होते. दुसऱ्या दिवशीही. कोणी आले नाही. पण मी खरी होते, आणि खरे बोलताना उन्हाचे काही वाटत नाही. तिसऱ्या दिवशी जेव्देत उस्ताने एका आईला आणि तिच्या लग्न ठरलेल्या मुलीला समोर पाठवले. या वेळी तो एवढेच म्हणाला, "तिथे जा. रिफ्कीच्या नावावर खपलेली सगळी नक्षी ज्या हाताची आहे, तो हात तिथे बसलाय." म्हणजे माझ्या उस्ताने त्याला सांगितले होते तर! मुलीने निळी रजई गालाला लावली आणि सोडलीच नाही. नादिदेने घेतलेला पैसा कपाळाला टेकवला आणि म्हणाली, भवानी तुमच्या हातून झाली, आता बरकत देवाच्या हाती. मग निळा दोरा केशरीशेजारी ओवला. बहिणीला फोन केला आणि मोबाइलवाल्याला नाही कळवले.

पण माझी गोष्ट इथे पुरी होत नाही. दहा-बारा दिवसांनी असे झाले की नादिदेची भवानी सकाळीच झाली. मी आत होते. अकराच्या सुमारास एक जोडपे दारात आले, दोन रजया हव्यात म्हणाले. दोन! नादिदेने मान बाहेर काढली. जेव्देत उस्ताची तिवई एकटीच उन्हात बसली होती. नादिदेने छातीवर हात ठेवला आणि जोडप्याला समोरचे दार दाखवले.

तासाभराने तो दारात येऊन ओरडला, "काय वहिनी, बिचारा म्हणून पाठवलंत ना?"

"बिचारेच आहात," ती म्हणाली. "टाके बघितलेत का स्वतःचे?"

सगळी गल्ली हसली. आणि मी, आखूड पायाची लाकडी बाई, आतल्या अंधारात इतकी सुखावले की सांगता येत नाही. चार महिने तिने फक्त घेणे टाळले नव्हते, तिचे देणेही अडून राहिले होते. ते त्या दिवशी सुटले.

तर मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. आमच्या शहरात आलात तर बोयोज उभ्याने खा, बोटीच्या वरच्या मजल्यावर बसा, आणि खरेदीला निघालात की आधी बघा, कोणाची तिवई अजून बाहेर आहे. घरची जुनी तिवई जपा. तिच्यावर पेट्या रचू नका. आणि तुमची स्वतःची भवानी अजून व्हायची असेल, तर तिवई आत ओढू नका. तुमच्या समोर कोणाचा तरी हात अडून राहिलेला असतो.

निवेस पुन्हा आली नाही. तिच्या वहीत आमच्या गल्लीपुढे एकच ओळ आहे, जाताना तिने मोठ्याने वाचून दाखवली होती: इथे दुपारी सावली असते आणि बसू देतात. तिने काय केले ते तिला कधी कळणार नाही. देव त्या दिवशी सुजलेल्या पायांनी, पोटभर खाऊन, घामाघूम होऊन आला होता, असे मी मानते. म्हणून कुठेही, कोणत्याही गावी, दमून परक्याच्या दारात बसलात, तर पाणी पिण्याआधी एकदा त्या त्रिएस्तेच्या निवेसबाईची आठवण काढा. तिला सांगायचे राहून गेले आहे.