नवव्या क्रमांकावर शालनताई

लोकप्रियता हा समाजमनाचा आरसा असतो. हे वाक्य आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकासाठी मीच लिहिलं होतं, आणि त्याच्या मागे उगवत्या सूर्याचं चित्र होतं. आरसा तयार कसा होतो, ते मात्र माहितीपत्रकात नव्हतं. तुम्ही कुणाला मोबाइल लावलात की समोरचा उचलेपर्यंत ट्रिंग ट्रिंगऐवजी जे गाणं ऐकू येतं, ती कॉलर ट्यून. कोणतं गाणं किती वेळा आणि किती वेळ वाजलं, याची नोंद मोबाइल कंपनीकडून आमच्याकडे यायची. आम्ही त्याची उतरंड लावायचो आणि शुक्रवारी पेपरच्या पुरवणीत ‘पुण्याची पहिली दहा’ छापून यायची. म्हणजे जो माणूस फोन लवकर उचलत नाही, त्याचं गाणं वर जायचं. हे कंपनीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. पण मला पगार मिळत होता.

ही २००६ची गोष्ट. आमची आयटी कंपनी शनिवार पेठेत, एका खानावळीच्या माडीवर होती. परदेशी पाहुणे आले की त्यांना आम्ही हॉटेलातच भेटायचो.

“सर, एक वीअर्ड केस आहे,” आकडेवारी बघणारा तेजस म्हणाला. “आजच्या पुरवणीत नाइन नंबरवर एक गाणं आलंय. नाइन्टी फोरची कॅसेट. सिंगर कोणीतरी शालन बिडकर. नेटवर तर नावच नाहीये.”

शालन बिडकर ही माझी सख्खी मोठी बहीण. ती जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

उदारीकरणात देशात काय काय आलं, ते अर्थतज्ज्ञ सांगतील. आमच्या घरात एक स्वस्तातली कॅसेट कंपनी आली. गल्लीत ज्याला म्हणून गळा होता, त्याची तिने कॅसेट काढली. ताईच्या वाट्याला त्यात एक गाणं आलं: ‘थांब जरा, आलेच मी, दिवा लावून आलेच मी.’ कॅसेट नातेवाइकांनी घेतली आणि नातेवाइकांनीच हरवली. पुढे त्या कंपनीचा सगळा माल मोबाइलवाल्यांनी घाऊक उचलला, त्यात ताईही गेली. तिच्या मुलीनं, हेमानं, मोठ्या हौसेनं तेच गाणं आईच्या मोबाइलला लावून दिलं. पण आपली ट्यून आपल्याला कधीच ऐकू येत नाही. म्हणून ताई घरच्या फोनवरून स्वतःच्याच मोबाइलला फोन लावायची आणि डोळे मिटून स्वतःला ऐकत बसायची.

“अजून एक, सर. हे गाणं लावलेला सबस्क्रायबर एकच आहे. पब्लिक त्या एकाच नंबरवर फोन करून ऐकतंय.” त्यानं नंबर वाचायला सुरुवात केली. शेवटचे आकडे मी त्याच्याआधी म्हटले.

तेजसनं मान वर केली. “तुम्हाला कसा माहीत?”

“पुढे बोल.”

“पुढे काही नाही. पीक दुपारी आहे. एक ते चार ग्राफ एकदम उभा.”

दुपारी एक ते चार ताई रियाझ करायची. भाऊजी खडकीला दारूगोळा कारखान्यात, हेमा शाळेत, आणि शेजारी झोपलेले. शेजाऱ्यांनी जिन्यात पाटी लावली होती: ‘संगीत ही उपासना आहे. कृपया मनातल्या मनात करावी.’

“फ्रॉड म्हणून पुढच्या यादीतून काढून टाकू?” तेजसनं विचारलं.

“राहू दे,” मी म्हटलं. 

तेवढ्यात नागपूरहून हेमाचा फोन. “मामा, बाबांना काय झालंय? रविवारचं तिकीट काढलंय, इथं मी खोली रंगवून ठेवलीये, आणि आज म्हणतात मी येणार नाही! दोनदा पडलेत न्हाणीघरात. तिसऱ्यांदा पडले तर उचलणार कोण? तूच सांग.”

मी कर्वेनगरला गेलो तेव्हा तीन वाजायचे होते. सोसायटी झोपलेली. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या पूर्णिमाबाई वाळलेले कपडे घेऊन चालल्या होत्या आणि गुणगुणत होत्या: थांब जरा, आलेच मी.

मी थांबलो. “हे गाणं कुठं ऐकलंत?”

“कुठलं?” त्यांनाच पत्ता नव्हता. “अगंबाई, हे होय! काय माहीत. फोनवर कुठंतरी वाजतं. हल्ली माझी धाकटीपण म्हणते. गोड आहे, पण सारखं ऐकलं की भीती वाटते, नाही?”

भाऊजींचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत सूटकेस उघडी आणि रिकामी. कपडे परत कपाटात गेले होते. ताई गेल्यापासून त्यांच्याकडे दोन्ही वेळचा डबा यायचा, त्यामुळे स्वयंपाकघरात ती ठेवून गेली तसंच सगळं होतं. तिनं बसवलेला सिलिंडरसुद्धा तोच होता, चहापुरता. टेबलावर पुरवणी, नवव्या क्रमांकाभोवती पेन्सिलीचा गोल.

“दार उघडं का ठेवता, भाऊजी?”

“असू दे. बस.” त्यांनी पुरवणी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “ती गेल्यावर मी रोज तिचा नंबर लावायचो. पुढे तो बंद झाला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगायची. दोनदा, दोन भाषांत. तरी लावायचो. आणि दिवाळीनंतर एके दिवशी, सुदर्शन, शालन गायला लागली.”

“कुणी उचलला?”

“मी कडवं संपलं की तोडतो.”

“का?”

“उचलला तर?”

मी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. अठरा वर्षं विज्ञान शिकून आणि बारा वर्षं आयटीत काढून पाहिलं.

“मला वाटलं, माझेच कान,” ते म्हणाले. “मग हे पेपरात आलं. म्हणजे सगळ्या गावाला ऐकू येतंय. ती थांब म्हणतेय आणि मी नागपूरला जाऊ? अरे, ती आली आणि दाराला कुलूप असलं तर?”

मी माझ्या मोबाइलवर नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. आधी तिचा श्वास. ती ओळ सुरू करण्यापूर्वी घ्यायची तो, थोडा घाईचा. मग आवाज. कडवं संपलं. भाऊजींचा हात फोन तोडायला पुढे आला. मी तो धरला. गाणं पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं. कुणी उचललं नाही. फोन आपोआप तुटला. मी परत लावला. पुन्हा तोच श्वास. सोसायटीतल्या बंद खिडक्यांकडे बघत आम्ही दोघं तिला ऐकत बसलो. मागच्या गल्लीतून कुणीतरी तीच चाल शिट्टीवर वाजवत गेलं. मी उठून दार लावून आलो. भाऊजींनी उठून ते परत उघडं केलं.

चारच्या पुढे कधीतरी, दुसऱ्याच ओळीला, खट्ट झालं.

“हॅलो.” बाईचा आवाज.

भाऊजी उभे राहिले. “शालन?”

“ग्राहक क्रमांक सांगा.”

मी विचारलं, “आपण कोण बोलताय?”

“कमाल आहे! फोन तुम्ही केलात ना? गॅस एजन्सी, कर्वेनगर. बुकिंग की तक्रार?”

“हा नंबर तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“दिवाळीत घेतला, जुनी लाइन मेली म्हणून. का?”

“तुमच्या फोनवर एक गाणं वाजतं.”

“कसलं गाणं? आमच्याकडे घंटी वाजते. दिवसभर. गाणी ऐकायला वेळ कुणाला आहे इथं? बुकिंग की तक्रार?”

मोबाइल कंपनीनं ताईचा बंद पडलेला नंबर एजन्सीला दिला होता आणि त्यावरची ट्यून काढायची राहिली होती. एजन्सीला ती ऐकू येणं शक्य नव्हतं. ऐकत होतं कर्वेनगर, सिलिंडरची वाट बघत.

मी फोन बंद करणार होतो. भाऊजींनी तो माझ्या हातातून घेतला. त्यांचा आवाज कारखान्यात हजेरी देताना असेल तसा होता.

“मॅडम, आमचं कनेक्शन आपल्याकडेच आहे. बिडकर. ते परत करायचंय. मी रविवारी मुलीकडे चाललोय, कायमचा.”

“त्याला स्वतः यावं लागेल. सिलिंडर, रेग्युलेटर, कार्ड घेऊन.”

“सिलिंडरमध्ये थोडा गॅस आहे अजून. माझ्या बायकोनं बसवला होता तो.”

“कुणी का बसवेना. सिलिंडर आणा.”

“आणतो.” त्यांनी उघड्या दाराकडे एकदा पाहिलं. “उद्या दुपारी आलो तर चालेल?”

“दुपारी एक ते चार बंद असतं.”