मोज्यातून बावड्याला आलेली रॅम

मित्रांनो, मी एक जुनी रॅम आहे. संगणकाच्या पोटात बसणारी, वीतभरही नसलेली हिरवी पट्टी. संगणकाच्या हातातलं काम लक्षात ठेवायचं, एवढंच माझं काम. वीज गेली की मी सगळं विसरते. पण बावडा या गावी आले तो दिवस काही विसरता येत नाही. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून घ्यायची, कारण धुळीचा कणही आम्हाला सोसत नाही. इतक्या लाडात वाढलेली मी दुबईच्या एका दुकानात काचेआड बसले होते. तिथे म्हस्कू तात्या आले. बावड्याला त्यांचं खताचं दुकान. खूप खत विकलं म्हणून कंपनीने त्यांना दुबईची सहल दिली होती. लेक मनिषाने लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी पुढे केली. मी बारामतीतल्या भावापेक्षा बरीच स्वस्त निघाले. तात्या हरखून गेले.

आणि पुढे काय केलं असेल? खोकं आणि बिल दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि मला मोज्यात कोंबलं. मोज्यात! तोही घालून मळलेला! "खोकं दिसलं की विमानतळावर अडवत्यात," असं त्यांना सहलीच्या बसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं.

मनिषा कार्टून काढते. पुण्याच्या एका स्टुडिओला शनिवारी सहापर्यंत दोन मिनिटांची फिल्म पाठवायची होती. जमलं तर नोकरी, नाहीतर खताच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं घरात ठरलेलं. तिच्या संगणकातल्या, माझ्याआधीच्या रॅमवर फिल्म पुढे सरकतच नव्हती. शनिवारी सकाळी तात्या घरी पोचले. मनिषाने लगेच संगणक उघडला, जुनी पट्टी काढली आणि मला मोज्यातून काढायला वळली. तेवढ्यात तात्यांच्या आई, सारजाआजी आल्या.

"लेकीच्या मशिनीला बिरोबाचा भंडारा नको व्हय?" असं म्हणत त्यांनी उघड्या संगणकात मूठभर हळद उधळली.

मी किंचाळले. पण रॅमचं किंचाळणं कुणाला ऐकू येणार? मनिषा पाठमोरी बॅगेत मोजा शोधत होती; वळून घाईघाईत, आत न बघताच तिने मला त्या पिवळ्या खाचेत दाबून बसवलं. पडदा काळाच राहिला. नुसतं टीं टीं वाजत होतं.

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "फशिवलं मला! स्वस्तातलं बघून खराब माल दिला!"

"बिल कुठं हाय, तात्या?"

"तितंच टाकलं."

मी खराब? भरल्या घरात मला खराब म्हटलं! रागाने मी लालबुंद झाले असते, पण वीजच मिळत नव्हती.

दुपार अशीच गेली. शेवटी मनिषाने जुनी पट्टी त्याच खाचेत परत बसवली, तर तीही चालेना. मग तिने टॉर्च लावून आत पाहिलं. खाचेत भंडारा! तिने बारीक ब्रशने खाच झाडली, माझी टोकं खोडरबराने घासली आणि मला पुन्हा बसवलं. पडदा उजळला. सहाला पाच मिनिटं कमी असताना फिल्म गेली. पुढच्या महिन्यात नोकरी लागली, तीही घरी बसून करायची.

पण त्या दिवशी खोडरबरावरचा पिवळा रंग आजींनी पाहिला होता. "माझ्याच हातानं पोरीचं वाटुळं झालं असतं गं," एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या या खोलीत पाऊल टाकत नाहीत. दोन्ही हात पदराखाली धरून उंबऱ्याबाहेरूनच विचारतात, "मने, जेवलीस का?"

मित्रांनो, उघड्या यंत्राला जपा. धूळ, पाणी, हळद दूर ठेवा. बिल तर मुळीच टाकू नका. पण झाकण लावल्यावर वरून लावलेल्या चिमूटभर भंडाऱ्याने आमचं काहीही बिघडत नाही. हे आजींना कुणीतरी सांगायला हवं. मनिषाला अजून सुचलेलं नाही, आणि मला बोलता येत नाही.