श्रीमंत ड्रेसरला इंजेक्शन

आमचं ह्ये, श्रीमंत ड्रेसर, घोडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्सं नोकरीला हुतं. हजारो जनावरं धरली असतील, पन ह्येंनी मला दिला तेवढा तरास येका जनावरानं त्येंना दिला नसंल. जनावर निदान हंबरतं तरी. ह्येंनी दोन वर्सं तोंडच उगडलं न्हाई. ताट नेलं की "नको", हाक मारली की "हं". आज दोनदा "हं" केलं, येवढं सुदीक मी शेजारनीला कवतिकानं सांगायची.

गाईगुरांत लम्पीची साथ आली, तवापासनं समदं सुरू झालं. ह्ये रिटायर झालेले, पन जनावरांचा डॉक्टर येक आन गावं पंधरा, म्हनून लोक ह्येंनाच बोलवायचे. दारोदार हिंडून लस टोचली. जनावरं मेली ती मेलीच. साथ गेली आन ह्ये खाटंवर आडवे झाले. नगरला दाखवलं. गोळ्या झाल्या, बदलल्या, परत बदलल्या. येक दिवस सकाळी मला म्हनले, "असं बसलेलं जनावर उठत नसंल तर आमी काय करायचो, ठावं हाय ना तुला? येक सुई." मला ठावं हुतं. भाकरीचं पीठ मळता मळता माझा हात थांबला. त्या दिसापासनं त्येंना घरात येकटं सोडलं न्हाई. पार संडासाच्या दाराशी उभं ऱ्हाऊन मेथी निवडली मी.

नगरच्या मनाच्या डॉक्टर अश्विनी मॅडमना त्ये सांगितलं. माझ्या लेकीयेवढी बाई, पन समदं ऐकून घेतलं तिनं. म्हनली, "आता केटामाइन देऊन बघू. भुलीचंच औषध आहे, पण अगदी थोडं, सलाइनमधून, चाळीस मिनिटं. माणूस जागा असतो, पण स्वप्नात गेल्यासारखं वाटतं. मनाची गाठ जरा सैल होते, मग आपण बोलायचं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण येतो बऱ्याच जणांना."

नाव ऐकलं आन ह्येंनी मान वर केली. "केटामाइन? त्ये आमी कुत्र्यांच्या नसबंदीला वापरायचो. किलोमागं किती धरलंय?"

दोन वर्सांत पयल्यांदा दवाखान्यात तोंड उगडलं, त्ये कुत्र्यांच्या नसबंदीवर. मी मनातल्या मनात मोहट्याच्या देवीला हात जोडले.

"त्याच्यापेक्षा खूप कमी, बाबा," मॅडम म्हनल्या. "आणि या वेळी तुम्ही पेशंट आहात."

घरी आल्यावर मी येड पांघरून पेडगावला गेले. म्हनलं, "कुनीतरी जवळ बसायचं म्हनत्यात. मला कुटं कळतंय, भूल दिलेल्याजवळ कसं बसायचं त्ये." मंग काय, ह्येंना परत नोकरीच लागली. "डोळं उगडं ऱ्हात्यात, सावली धरायची. उताणं ठेवायचं न्हाई, पोट फुगतं. बडबड करायची न्हाई. आन जनावर उभं ऱ्हाईस्तोवर जागा सोडायची न्हाई." मी तीनदा इसरल्यासारखं केलं, त्येंनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर चिडले. चिडलेलं बघून मला इतकं बरं वाटलं की मी चौथ्यांदा इचारलं.

गुरुवारी उपाशीपोटी नेलं. निकिता सिस्टरनं सलाइन लावलं, दंडाला बीपीचा पट्टा, डोळ्यांवर पट्टी. मी पिशवीतनं घडी घातलेलं गोणपाट काढलं आन पाठीशी सारायला लागले.

"मावशी, हे काय?"

"कुशीवर टेकू द्याया."

"अहो, असू द्या उताणे. त्यांचं पोट नाही फुगत."

ह्ये पट्टीखालनं म्हनले, "तिला म्या सांगितलंय."

मंग मी त्येंचा हात हातात घेऊन गप बसले. मी आन गप. घोडेगावात कुनाला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई. दहा मिन्टं काय न्हाई, नुस्ता पाय हलत हुता. मंग बोलायला लागले, लांबनं आल्यासारखा आवाज. "सहादेवाची गाभन. सहादेवाची पाडी. त्येची म्हातारी गाय." सहादेव आमच्या वस्तीवरला. लम्पीत त्येच्या तीन गाया गेल्या. "सुया संपल्या हुत्या," ह्ये म्हनले. "पयल्या गायीच्या अंगात ताप हुता. त्याच सुईनं म्या आख्खा गोठा टोचला. ठावं असून टोचला. आन त्यो मला च्या पाजत हुता."

पट्टीखालनं पानी कानापर्यंत आलं. मला कीवबी आली आन रागबी आला, दोनी येकदम. येवढं पोटात ठेवून दोन वर्सं माझी भाकरी परत धाडली ह्या मानसानं. आन मी समजत हुते, माझ्याच हाताला चव ऱ्हायली न्हाई. पन बोलायचं न्हाई म्हनून सांगितलेलं, तर न्हाई बोलले. पायथ्याशी उभ्या मॅडमनी नुस्ती मान हलवली, बसा म्हनून.

सलाइन संपलं, पट्टी काढली, तास दोन तास तसंच पडून ऱ्हायले. मॅडम खुर्ची वढून बसल्या. ह्येंनी समदं परत सांगितलं, पुऱ्या शुद्धीत. तुमची चूक न्हवती, असं मॅडम काय म्हनल्या न्हाईत. म्हनल्या, "रोग त्या सुईनं गेला की आधीच गोठ्यात होता, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. सहादेवला सांगायचंय का तुम्हाला?"

ह्ये कोपरावर टेकून उठून बसले. "सांगाया पायजे," म्हनले. "त्यो मारू दे न्हाईतर च्या पाजू दे."

अजून पाचदा यायचं हाय. मॅडमनी बजावलंय, आज हलकं वाटलं तरी परत जड वाटंल, घाबरायचं न्हाई, फोन करायचा.

नगरच्या स्टँडावर यष्टीची वाट बघत बसलो हुतो. ह्येंनी आपनहून भजी मागितली आन चार खाल्ली. मला ऱ्हाववलं न्हाई. म्हनलं, "अवो, भूल दिलेल्याला कळतं का हो, कुनी जवळ बसलंय त्ये?"

"बत्तीस वर्सं म्या रीत म्हनून बसायचो," ह्ये म्हनले. "जनावराला काय कळत नसंल, असंच वाटायचं." मंग माझ्याकडं नीट बघितलं, लई दिसांनी. "कळतं. तुजा हात लई कापत हुता."

मला तर म्हाईतच न्हवतं. मी पदरात तोंड घातलं आन भर स्टँडावर दोन वर्सांचं रडून घेतलं.