बंद सीझनचे तेल

मी एक जुनी तेलकुप्पी आहे. मारेगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत, फिटरच्या खोलीतल्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझी चोच लांब आहे आणि स्वभाव तिखट. मित्रांनो, सारे आयुष्य तेलात गेले, तरी मला गुळगुळीत बोलणे जमले नाही. आज तर मी मनातला राग सांगायलाच बसले आहे.

माझा जन्म यवतमाळच्या बाबुलाल टिनवाल्याच्या दुकानात झाला. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यातून त्याने मला कापले, ठोकले आणि डाख लावून सांधले. त्या डब्यावरचे अर्धे फूल अजून माझ्या पोटावर दिसते. रहमतमियाँ तेव्हा या फॅक्टरीत नुकतेच फिटर झाले होते. त्यांनी मला हातात घेतले, तीन थेंब पाडले आणि चौथा आपोआप पडतो का ते पाहिले. पडला नाही. तेव्हापासून मी त्यांची झाले.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते आणि पांढरी रुई वेगळी. तिथे तेल घालणे फार नाजूक काम आहे. कमी पडले तर बेअरिंग तापते, आणि आजूबाजूला सगळा कापूसच असतो. जास्त झाले तर रुईवर डाग पडतो. रहमतमियाँ मशीनच्या रांगेतून चालता चालता कान टवकारायचे आणि म्हणायचे, "नऊ नंबर उपाशी आहे." मग मी वाकायचे. वीस वर्षांत आमच्या हातून रुईवर एकही डाग पडला नाही, हे मी छाती फुगवून सांगते.

मग कापसाची वाईट वर्षे आली. शेजारच्या दोन जिनिंगना कुलूप लागले. आमच्याकडे तीन फिटर होते, त्यातले दोन कमी केले. उरले एकटे रहमतमियाँ आणि चोवीस मशीन. आधी त्यांची झोप गेली, मग भूक, मग बोलणे. एका दुपारी ते मला धरून चार नंबरसमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. तेल घातले की घालायचे आहे, हे त्यांना आठवेना. तसेच पुढे गेले. थोड्या वेळाने चार नंबरमधून धूर निघाला. मशीनवर कापूस टाकणाऱ्या कौसल्याबाईंनी धावत जाऊन बटण बंद केले, म्हणून फॅक्टरी वाचली.

मॅनेजर इंद्रजितसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मियाँ, हजेरी पुरी लावता अन् काम अर्धं करता. काहून एवढा आळस चढला?"

रहमतमियाँ माझी चोच पुसू लागले. माझा मात्र संताप झाला. चार नंबरचे बेअरिंग तापले, तेव्हा त्याला कोणी आळशी म्हटले नव्हते. ते लगेच उघडून पाहिले होते. वीस वर्षे राबलेल्या माणसाला, "तुम्हाला काय होते आहे?" एवढे विचारायला कोणाला सवड नव्हती.

सवड काढली ती कौसल्याबाईंनी. त्या दिवशी रहमतमियाँ मला हातातच घेऊन घरी गेले होते. संध्याकाळी त्या तिथे आल्या आणि रहमतमियाँच्या बायकोला, आयशाबींना म्हणाल्या, "भाभी, मियाँ आळशी नाई. माह्या भावाले असंच झालतं. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं तवा माणसात आला. लोकं काय म्हणन, याचा इचार नका करू."

दोघे एस.टी.ने यवतमाळला गेले. रहमतमियाँनी मला पिशवीतून सोबत नेले, कारण मोकळ्या हातांचे काय करावे ते त्यांना कळत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी झोपेचे, जेवणाचे, कामाचे विचारले. रहमतमियाँनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "हात काम करून राह्यले, बाई. पण मी तिथं नसतो."

"याला नैराश्य म्हणतात," बाई म्हणाल्या. "हा आजार आहे, तुमचा दोष नाही. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील. दर महिन्याला येऊन माझ्याशी बोलायचं. आणि बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही."

त्यांच्या टेबलावर माझ्या बुडाचा तेलकट गोल उमटला. त्यांनी कपाळाला आठी न घालता तो कागदाने पुसून टाकला. मला त्या आवडल्या.

पहिले काही आठवडे गोळ्यांनी तोंडाला कोरड पडण्यापलीकडे काही घडले नाही. मग पौषातल्या एका सकाळी रहमतमियाँ थबकले, कान टवकारले आणि म्हणाले, "सोळा नंबर उपाशी आहे." मित्रांनो, मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. मॅनेजरसाहेबांनीही पाठ थोपटली.

आता खरी रागाची गोष्ट ऐका. आमच्याकडे सगळे सीझनवर चालते. सीझन संपला की मजूर घरी, चहाची टपरी बंद, मशीनवर ताडपत्री. चैत्रात दाबून बांधलेल्या रुईची शेवटची गाठ बाहेर पडली, नारळ फुटला, पेढे वाटले. पेढा देता देता मॅनेजरसाहेब म्हणाले, "मियाँ, आता ठणठणीत झाले. सीझन संपला, मशीन बंद. त्या गोळ्या बी बंद करा. कायले सवय लावता?"

रहमतमियाँनाही ते पटले. घरी आयशाबी म्हणाल्या, "डॉक्टरबाईनं इचाराले सांगतलं होतं." तर म्हणाले, "काम नाई, तर दवा कायले?" गोळ्यांची पट्टी फळीवर गेली, हे मला मागाहून कळले. इथले सारे जगणेच सीझनचे, म्हणून त्यांना दुखणेही सीझनचे वाटले.

पण त्याच दिवशी, पेढ्याचा हात पुसायच्या आत, साहेबांनी दुसरा हुकूम सोडला होता. "सगळ्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरा. बंद मशीनले जास्त जपा लागते, नाहीतर जंग चढते." दोन्ही गोष्टी एकाच तोंडाच्या. मी तेव्हा रहमतमियाँच्या हातात होते. त्यांनी चोवीस मशीनमध्ये ग्रीस भरले आणि स्वतः कोरडे घरी गेले.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. मलाही कुंकू लागले. रहमतमियाँ आले नाहीत. तीन दिवसांनी आले, दाढी वाढलेली, नजर हरवलेली. साहेबांनी त्यांना गेटवर राखणीला बसवले आणि मला श्रावण नावाच्या नव्या फिटरच्या हाती दिले. तो नळ सोडल्यासारखे तेल ओतायचा. त्याला काय बोलू, त्याला शिकवणारा माणूस गेटवर बसला होता. रुईवर डाग पडले. आठवड्याने साहेबांनी निरोप धाडला, की उद्यापासून मियाँनी गेटवरही यायचे नाही.

दुसऱ्या दिवशी आयशाबी स्वतः साहेबांच्या ऑफिसात आल्या. श्रावण मला हातात घेऊन कसलीशी तक्रार सांगायला ऑफिसात गेला होता, त्यामुळे मी तिथेच होते. त्यांनी गोळ्यांची अर्धी पट्टी टेबलावर ठेवली.

"साहेब, ह्या बंद कराले तुम्ही सांगतलं. बंद मशीनले ग्रीस भराले बी तुम्हीच सांगतलं. मंग माह्या माणसाले जंग चढला, तर कसूर त्याचा कसा?"

साहेबांनी पट्टी हातात घेतली. दारात कौसल्याबाई येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे आणखी चार बाया. मशीनवर कापूस टाकायला कोणी हलेना. शेवटी साहेबांनी विचारले, "बरं व्हायले किती दिवस लागतील?" हा प्रश्न त्यांनी वर्षभरापूर्वी विचारायला हवा होता.

"ते बाई ठरवन," आयशाबी म्हणाल्या. "तुम्ही फक्त जागा ठेवा."

जागा राहिली. पुन्हा यवतमाळची एस.टी., पुन्हा गोळ्या, पुन्हा ते बोलणे. या वेळी वेळ जास्त लागला. होळीच्या सुमारास मी परत रहमतमियाँच्या हातात आले. त्यांनी आधी तीन थेंब पाडून पाहिले.

माझा राग अजून गेलेला नाही. भल्या माणसाला तेच दुखणे दोनदा सोसावे लागले. मित्रांनो, तुमच्या आसपास कोणी हातात काम धरून नुसते उभे राहिलेले दिसले, तर आळशी म्हणण्याआधी जवळ जाऊन विचारा. त्याचे औषध चालू असेल, तर ते केव्हा थांबवायचे हे डॉक्टरांवर सोडा. पेढे वाटताना ते ठरवू नका.

यंदाही चैत्रात शेवटची गाठ बाहेर पडली. मॅनेजरसाहेबांनी रांगेच्या टोकाकडून विचारले, "मियाँ, ग्रीस भरलं का?"

रहमतमियाँनी मला खाली ठेवले, खिशातली गोळी काढली, सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाले, "हो साहेब. मशीनले बी, अन् मले बी."