दहा मिनिटांचा पत्ता

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारे बाबा आपला ईमेल कुणाला म्हणून द्यायचे नाहीत. फाईल उतरवायची झाली की एका साईटवरून दहा मिनिटं टिकणारा ईमेल-पत्ता घ्यायचा, त्यावर आलेला कोड टाकायचा आणि हात झटकून मोकळं व्हायचं. जाहिरातींचा ससेमिरा नको आणि कुणाला थांगपत्ता नको. दुकानातले त्यांना ‘गुप्तहेर’ म्हणायचे. त्यांना ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

चार वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून आदल्या दिवशी ती फोनवर रेकॉर्डिंग लावून लेकीसाठी चाळीस मिनिटं बोलली. फोनमधली जागा भरली, तेव्हा बाबांनी ती फाईल एका फुकटच्या साईटवर चढवली आणि फोनमधून काढून टाकली. खातं अर्थातच दहा मिनिटांच्या पत्त्यावर उघडलं. आवाज गेला, वर्षभरात बायकोही गेली. फाईल ऐकायचा धीर बाप-लेक दोघांनाही झाला नाही.

परवा लेक म्हणाली, “बाबा, आता ऐकू या.”

बाबांनी लिंक उघडली. साईटवाले जुन्या फाईली येत्या शुक्रवारी पुसणार होते. ऐकायची किंवा उतरवून घ्यायची तर नोंदलेल्या ईमेलवर येणारा कोड हवा. त्यांनी बटण दाबलं. ‘कोड पाठवला आहे.’ पुन्हा दाबलं, पुन्हा पाठवला.

“कुठे गेला?” लेकीने विचारलं.

“कुठेच नाही. तो पत्ताच उरला नाही आता.”

रडू येईल असं बाबांना वाटलं. काहीच आलं नाही. ते दुकानात गेले, सहा काचा घासल्या, सहाही बिनचूक.

संध्याकाळी त्यांनी साईटच्या कंपनीला पत्र लिहिलं, सगळं खरं खरं, आणि खाली आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा ईमेल दिला. उत्तर गुरुवारी आलं. या ईमेलची आमच्याकडे नोंद नाही, क्षमस्व. पाठोपाठ तीन जाहिराती आल्या. बाबांनी त्याही शेवटपर्यंत वाचल्या.

शुक्रवारी जेवताना लेकीने विचारलं, “आईचा आवाज मला नीट आठवत नाही, बाबा. तुम्हाला?”

“मला हाक मारायची ते आठवतं,” बाबा म्हणाले. “पण ती हाक माझ्याच आवाजात ऐकू येते गं.”