मुक्काम सांगायचा नाही

माझी पोरगी सायकलवरून कलकत्त्याला निघाली तेव्हा चाळीतल्या निम्म्या लोकांनी मला विचारलं, कलकत्त्यालाच का? उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, लग्नाचं काय? पहिल्यांना मी सांगितलं, रस्ता तिथपर्यंत जातो म्हणून. दुसऱ्यांना मी काहीच सांगितलं नाही. माझी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे गेली आहे. कोणाला उत्तर द्यायचं आणि कोणाच्या तोंडावर खिडकी बंद करायची, एवढं मला कळतं.

दीपिका एकतीस वर्षांची आहे. परळलाच, आमच्या चाळीजवळच्या एका इस्पितळात रक्त तपासायचं काम करते. बिनपगारी रजा घेऊन निघाली. सायकल तिची स्वतःची, आमच्या खोलीत पलंगाच्या वर भिंतीला टांगलेली असायची, कारण गॅलरीत ठेवली की शेजारच्यांच्या साड्यांना ग्रीस लागायचं आणि मग भांडण. हँडलला फोन लावून ती चालवता चालवता बोलायची आणि ते व्हिडिओ टाकायची. पहिले आम्ही घरचेच बघणारे. पण कसारा घाट ती धापा टाकत, स्वतःलाच शिव्या घालत चढली, तो व्हिडिओ लोकांना फार आवडला. धुळं येईपर्यंत बघणारे हजारोंच्या घरात गेले. मलाही रोज सकाळी चहाआधी तिचा व्हिडिओ लागायला लागला.

तिचे दोन नियम होते. पहिला असा की व्हिडिओ दोन दिवस उशिरा टाकायचा. ती अकोल्यात असेल तेव्हा लोकांना जळगाव दिसायचं. एकटी बाई कुठे झोपली आहे हे जगाला झोपायच्या आधी कळता कामा नये, असं ती म्हणायची. मुक्काम फक्त मला, राजरत्नला आणि तात्यांना ठाऊक असायचा. राजरत्न म्हणजे माझा मुलगा. केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये राहतो. तात्या म्हणजे माझे धाकटे दीर, आमच्याच चाळीत तळमजल्यावर.

दुसरा नियम माझ्याशी होता. निघायच्या आदल्या दिवशी मी फार रडले होते, लपवत नाही. तेव्हा तिने माझा हात धरून शब्द दिला, "आई, तू 'ये' म्हणालीस तर आहे तिथून परत फिरेन. का म्हणून विचारणार नाही. पण तू म्हणालीस तरच. दादा म्हणाला, तात्या म्हणाले, तर नाही."

तात्यांचं वेगळंच चाललेलं. हे गेल्यापासून आमच्या घरचे वडीलधारे तेच, आणि मंडळाचे चिटणीसही तेच. चाळीच्या दारात मंडळाचा फळा आहे. तात्या त्यावर रंगीत खडूने सूचना लिहितात, आणि अक्षर असं की येणारा-जाणारा थांबून वाचतो. जयंतीची मिरवणूक असो, रक्तदान असो, पाणी येणार नसो, तारीख, वेळ, स्थळ आणि खाली 'बहुसंख्येने उपस्थित राहावे' हे ठरलेलं. दीपिकाच्या प्रवासाला त्यांनी 'धम्म सायकल यात्रा' असं नाव देऊन बॅनरसुद्धा छापायला टाकला होता. दीपिकाने तो सायकलला लावला नाही. म्हणाली, तात्या, दीक्षाभूमीला थांबेन, वंदन करेन, पण ते अर्ध्या वाटेवर आहे, मला पुढे जायचंय. तात्या दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग मात्र त्यांनीच गावोगावच्या ओळखी काढल्या. कुठे विहारात, कुठे कोणा गुरुजींच्या घरी तिची झोपायची सोय लावली. ते श्रेय त्यांचंच आहे.

नागपूरपर्यंत सगळं छान होतं. दीक्षाभूमीवरचा तिचा व्हिडिओ आला. स्तूपासमोर सायकल उभी करून ती म्हणाली, "माझी आजी इथे येऊन गेली होती, चालत आणि गाडीने. मी सायकलने आले. जय भीम." बस, एवढंच. त्याच्याखाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी इथे उतरवणार नाही. कालपर्यंत 'मुंबईची वाघीण' म्हणणारे आज म्हणत होते, आम्ही सायकल बघायला आलो होतो, हे मध्ये कशाला आणलंस? जसं काही तिने ते मध्ये आणलं होतं, जन्मल्यापासून ते तिच्याबरोबर नव्हतंच. एकाने विचारलं, घरचे सोडतात कसे? एकाने लिहिलं, एकटी फिरणारी पोरगी कसली असते ते आम्हाला माहीत आहे. मी एकेकाला उत्तर देत बसले. दीपिकाने फोन करून सांगितलं, आई, नको, त्यांना तेच हवं असतं. मी ऐकलं. ऐकायला नको होतं असं अजून वाटतं.

नागपूरनंतर भंडारा गेलं, आणि त्याच्या पुढच्या एका गावात ती थांबली. गावाचं नाव मी सांगणार नाही. एकदा सांगून झालंय, तेवढं पुरे. तिथे लक्ष्मी रामटेके म्हणून अंगणवाडीच्या बाई आहेत, विहाराला लागून घर, एकट्याच राहतात. तात्यांच्या ओळखीच्या ओळखीतल्या. त्यांनी तिला जेवायला वाढलं आणि अजून उजेड होता तोच दारात एका मोटारसायकलवर तीन पोरगे आले. ओरडायला लागले, मॅडम, बाहेर या, लाइव्ह करू, आमच्या गावाचं पण नाव होऊ दे. दार वाजवलं. हसले. सायकल ओसरीत होती, तिच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली. सगळं फोनवर चित्रित करत होते. लक्ष्मीबाईंनी शेजारपाजारच्यांना हाका मारल्या तेव्हा निघून गेले, पण जाताना सांगून गेले की सकाळी हायवेला भेटू.

दीपिकाने पोलीस चौकीत फोन केला. तिकडून उत्तर आलं की नोंद करून घेतो, पण मॅडम, तुम्ही एकट्या फिरता कशाला?

दुसऱ्या दिवशी रविवार. राजरत्न सकाळी सकाळीच आला. तात्या आधीच येऊन बसले होते. राजरत्नच्या फोनवर त्या तिघांचा व्हिडिओ होता. लक्ष्मीबाईंचं बंद दार, बाहेर हसणं, आणि वर लिहिलेलं, 'मिल गई'. त्या दाराआड माझी मुलगी बसली होती.

"आई, तिला बोलव," राजरत्न म्हणाला. "गोंदियाहून गाडी आहे, मी तिकीट बघितलंय. दादरला मी जातो घ्यायला. चॅनल पण बंद करू दे. बस झालं आता."

तात्यांनी मान हलवली. म्हणाले, वहिनी, मी आधीच सांगत होतो, दीक्षाभूमीपर्यंतच ठीक होतं.

मी त्यांना विचारलं, त्या पोरांना घर कळलं कसं? व्हिडिओ तर दोन दिवस मागे होता. राजरत्न म्हणाला, तिच्याच तोंडून कुठेतरी गेलं असेल, ती बोलते किती. मला ते पटलं नाही. माझी पोरगी बडबडी आहे, पण नियमाची पक्की आहे. मी फोन घेतला आणि दीक्षाभूमीच्या व्हिडिओखालचं सगळं एकेक वाचत खाली गेले. शिव्या ओलांडल्या, फुलांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं ओलांडली. आणि मग सापडलं. मी ते मोठ्याने वाचलं.

"समस्त प्रेक्षकांस कळविण्यात येते की, आपल्या चाळीची कन्या कु. दीपिका बुधाजी तांबे यांचा आजचा मुक्काम विहाराशेजारी, श्रीमती लक्ष्मी रामटेके यांच्या निवासस्थानी असून, उद्या सकाळी त्या पुढे प्रस्थान करतील. तरी परिसरातील बंधुभगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहून त्यांचे स्वागत करावे. आपला, तात्या."

इथे मी गाळलंय, पण गावाचं नाव, तालुका, जिल्हा, सगळं होतं. एक शब्द चुकलेला नव्हता.

राजरत्न उठून गॅलरीत गेला. तात्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले. बहुसंख्येने नाही, तिघेच उपस्थित राहिले, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चष्मा पुसून संपेना, मग गिळलं.

"लोक इतकं वाईट लिहीत होते तिला," तात्या म्हणाले. "मला वाटलं, आपली माणसं आली पाहिजेत. तिला दिसलं पाहिजे की आपली माणसं आहेत."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. आयुष्यभर हा माणूस लोकांना एकत्र बोलावत आलाय. पत्ता लपवायचा असतो हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आमच्या चाळीत तर कोणाकडे पाहुणा आला तरी खालपासून वरपर्यंत कळतं.

मग चष्मा लावून ते म्हणाले, "वहिनी, माझ्यामुळे झालंय हे. म्हणूनच हात जोडतो. तिला ये म्हणा. उद्या काही कमीजास्त झालं तर बुधादादाला मी काय तोंड दाखवू?"

"चूक तुमची आहे तर तुम्ही निस्तरा, तात्या," मी म्हटलं. "माझ्या पोरीला मागे फिरवून निस्तरू नका."

त्यांच्याशी मी इतकी वर्षं कधी अशी बोलले नव्हते. पण मला बरं वाटलं नाही, कारण खरं सांगायचं तर 'ये' हा शब्द माझ्याही जिभेवर येऊन बसला होता. सकाळपासून. एवढंसं अक्षर. म्हटलं की ती उद्या दादरला उतरली असती, मी तिला गरम पाण्याने आंघोळ घातली असती, आणि रात्री माझ्या शेजारी झोपली असती.

तेवढ्यात तिचाच फोन आला, व्हिडिओवर. ती लक्ष्मीबाईंच्या अंगणात उभी होती. हेल्मेट हातात. मागे सायकल, बॅगा बांधलेल्या, चाकांत हवा भरलेली. डोळे सुजलेले. राजरत्न धावत आत आला आणि माझ्या मागे उभा राहिला.

मी विचारलं, ते कुठे आहेत? ती म्हणाली, चौकात टपरीवर चहा पितायत, लक्ष्मीताई बघून आली. लक्ष्मीताई आणि तिच्याबरोबरच्या दोघीजणी स्कूटीवरून नाक्यापर्यंत सोबत येतायत. नाक्याच्या पुढे हायवे आहे, ट्रकांची वर्दळ आहे, तिथून मी जाईन. म्हणजे, तू म्हणशील तसं.

तू म्हणशील तसं. राजरत्न माझ्या कानाशी पुटपुटला, आई, ये म्हण. तात्या खाली बघत होते.

मी तिच्याकडे बघितलं. कसारा घाटात शिव्या घालत चढलेली ती हीच का, असं वाटलं. खांदे पडलेले. परवानगीची वाट बघत उभी होती, शाळेत बाकावर उभ्या केलेल्या मुलीसारखी. आणि मला त्या तीन पोरांचा असा संताप आला की भीती कुठच्या कुठे गेली. त्यांनी चाकांतली हवा काढली, ती भरता येते. पण ही अशी उभी करून ठेवली त्यांनी, ते मी खपवून घेणार नव्हते.

"दीपे, मी ये म्हणणार नाही," मी म्हटलं. "आज नाही, पुढे कधीच नाही. तू मला दिलेला शब्द मी तुला परत देते. आता परत यायचं असलं तर तुझं तू ठरव. माझ्यावर टाकायचं नाही."

तिने डोळे बाहीने पुसले. मग म्हणाली, "रात्रभर मी बॅग भरून बसले होते, आई. गोंदियाची गाडी मी पण बघितली होती. मला वाटलं, तू नक्की ये म्हणणार. म्हणाली असतीस तर आले असते, आणि आल्यावर सायकल विकून टाकली असती."

"मग?"

"मग काय. ऊन व्हायच्या आत निघते."

तिने हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि फोन ठेवला. मी रडले नाही. राजरत्नने विचारलं, काही झालं तर? मी म्हटलं, झालं तर मी जाईन, तू येशील, तात्या येतील. पण व्हायच्या आधीच आपण तिला घरात कोंडायचं आणि ते तिघे टपरीवर बसून हसणार, हे जमणार नाही.

मग मी तोंड धुतलं, साडी नीट केली आणि राजरत्नला सांगितलं, फोन धर माझ्यासमोर. तो म्हणाला, आता काय? मी म्हटलं, तू धर.

"मी मीराबाई बुधाजी तांबे," मी त्या फोनकडे बघून बोलले. "दीपिकाची आई. काल तिघेजण तिचा पत्ता शोधत एका बाईच्या दारात गेले होते. आणखीही कोणाकोणाला विचारायचं आहे की घरचे सोडतात कसे. तर तिने कुणाला उत्तर द्यायची गरज नाही, ती कामात आहे, तिला कलकत्ता गाठायचंय. ज्याला काय विचारायचं असेल त्याने मला विचारावं. तांबे यांची खोली, तिसरा मजला, जिन्यालगतचं दार, आणि चाळ परळ नाक्यावर कुणीही दाखवेल. मी दिवसभर घरीच असते. आणि हो, जय भीम."

राजरत्नने फोन खाली केला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, आई, ठीक आहे, टाकतो, पण निदान पत्ता तरी काढून टाकू.

"पत्त्यासकट टाक," मी म्हटलं.