पापाचा किडा

श्रावण लागला आणि इंदूरभर डोळे आले. परदेशीपुऱ्यातल्या गिरणीकामगारापासून कृष्णपुऱ्यातल्या दुकानदारापर्यंत ज्याचा बघावा त्याचा डोळा लाल. जो तो दुसऱ्याची नजर चुकवून चाललेला, कारण नुसतं बघितलं तरी येतात म्हणे. अशात कृष्णपुऱ्याला होळकरांच्या समाधीच्या छत्र्या आहेत, तिथे एक बाबा येऊन बसला, मग काय विचारता! नदीकाठी पाय ठेवायला जागा उरली नाही.

बाबांचं काम झटपट. पितळेच्या नळीचं एक टोक रोग्याच्या डोळ्याच्या कोपऱ्याला लावायचं, दुसरं तोंडात धरून सूं करून ओढायचं आणि वाटीतल्या पाण्यात पचकन थुंकायचं. पाणी लालभडक व्हायचं आणि त्यात एक बारीक गुलाबी अळी वळवळायची.

"देखो, पाप का कीडा! आँख खा रहा था!" बाबा गरजायचे. "अब आठ दिन कोई डागदर नहीं, कोई दवा नहीं. दवा डाली तो दूसरा कीडा पैदा होगा."

लोक धडाधड पाया पडत. बाबा तीच नळी छाटीच्या टोकाला पुसत आणि पुढच्याच्या डोळ्याला लावत. पुण्यवान नळी ती, तिला कशाला धुवायची!

बाबांच्या उजव्या हाताला दत्तोपंत बसत. होळकर दरबारात ते शिरस्तेदार होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत आलं आणि दत्तोपंतांची पगडी खुंटीला गेली. नव्या कचेरीत कालचं पोर त्यांना फायली आणायला सांगे. इथे मात्र "पंतजी, जरा हमारा नंबर" म्हणत माणसं त्यांच्यापुढे हात जोडत. दोन रोग्यांच्या मध्ये ते पानपुडा उघडत, स्वतःच्या हाताने विडा लावत आणि दरबारी अदबीने बाबांना देत. तो मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

इंदुमती त्यांची धाकटी बहीण. वडील गेल्यावर दादानेच तिला वाढवलं, लग्न लावून दिलं. दादा म्हणेल ती पूर्व दिशा, असंच ती आजवर चालत आली होती. तिचे यजमान शामराव गिरणीत कापड तपासायला होते. हातभर अंतरावरून तुटका धागा हेरणारा माणूस. त्यांचाही उजवा डोळा लाल झाला. पण घाण नाही, खाज नाही; ठणका मात्र कपाळापर्यंत, आणि खिडकी उघडली की ते तोंड फिरवत.

"दादा, हे इतरांसारखं दिसत नाही रे," इंदुमती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवू या का?"

"अगं, शेकडो लोक बरे होताना या डोळ्यांनी बघतोय मी. चल घेऊन त्यांना."

शामरावांच्या डोळ्यातूनही किडा निघाला. गर्दीने जयजयकार केला. ठणका मात्र होता तिथेच राहिला, उलट वाढला. मधेच एकदा डावा डोळा झाकून शामराव म्हणाले, "इंदू, या डोळ्याने तुझं कुंकू दिसत नाही गं मला."

ती तशीच दादाकडे धावली. दादा शांतपणे म्हणाला, "बाबांनी आठ दिवस सांगितलेत. तू मोडलंस तर दोष तुझ्यावर येईल. माझ्यावर भरोसा आहे ना?"

होता. म्हणून तर ती थांबली.

आठवडा संपला तशी ती शामरावांचा हात धरून डॉक्टर पद्मजाबाईंच्या दवाखान्यात गेली. बाईंनी डोळ्यात उजेड टाकला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे डोळे येणं नव्हेच. डोळे येतात तेव्हा सकाळी पापण्या चिकटतात, डोळा चुरचुरतो, पण दिसतं नीट. ते बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत आपोआप जातं. आठ दिवस दवा नको, ही अट तुमच्या बाबांनी उगाच नाही घातली! यांच्या डोळ्याला आतून सूज आहे. म्हणून लाली बुबुळाभोवती, म्हणून उजेड सोसत नाही. बाहुली आत चिकटली आहे. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर थेंबांनी मोकळी झाली असती."

"आणि आता?"

"थेंब घालू, प्रयत्न करू. पण पूर्वीसारखं दिसेल असं वचन मी देणार नाही."

"पण मग तो किडा?" इंदुमतीने विचारलं.

"एवढी अळी डोळ्यात असती तर ती तुम्हालाच दिसली असती. वाटीत कशाला शोधायची?"

शामरावांना घरी पोचवून ती दादाकडे निघाली. त्याला सावध करायचं होतं. दादालाही फसवलंय त्या भोंदूने, असंच ती वाटभर घोकत होती. दादा घरी नव्हता. शारदावहिनी मागच्या पडवीत होत्या आणि त्यांच्यापुढे टोपलीभर वांगी चिरून पडली होती.

दादाच्या घरी आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण, वांगं उंबऱ्याच्या आत येत नसे. चातुर्मासाच्या बाबतीत दादा भलता कडक.

"वहिनी, श्रावणात वांगी?"

"गाईला घालायला आणलीत."

"किडकी निवडून?"

शारदावहिनींनी मान खाली घातली. "मला काही विचारू नका, वन्सं."

इंदुमतीने वांग्याची एक फोड उचलली. भोकातून गुलाबी अळीने डोकं काढलं होतं. वाटीत वळवळायची ती हीच! वडलांच्या जागी मानलेला भाऊ, आणि त्याने हे करावं! फोड टोपलीत टाकून ती थेट छत्र्यांपाशी गेली.

गर्दीतून वाट काढत ती पुढे झाली तेव्हा दत्तोपंत विडाच पुढे करत होते.

"दादा, तो विडा मला दे."

"इंदू, काय हे? बाबांचा प्रसाद आहे."

"प्रसादच मागतेय मी."

बाबांनी हात लांबवला, पण तिने विडा हिसकावला आणि सगळ्यांसमोर उलगडला. काताच्या लाल रेंद्यात दोन अळ्या वळवळत होत्या.

"हा बघा पापाचा किडा! वांग्यातून विड्यात, विड्यातून बाबांच्या गालात, गालातून वाटीत. आणि ते रक्त म्हणजे पानाची पिंक. बाबाजी, आधी चूळ भरा आणि मग काढा बरं किडा."

"ये औरत पागल है!" बाबा ओरडले.

"अरे भिया, कुल्ला करने में क्या जाता है?" गर्दीतल्या एका कामगाराने पाण्याचा लोटा पुढे केला. चूळ भरायची सोडून बाबांनी झोळी उचलली आणि नदीच्या बाजूने काढता पाय घेतला. लोक शिव्या देत मागे धावले.

दत्तोपंत तिथेच बसून राहिले. पानपुडा उघडाच होता.

"इंदू, लोकांना तर गुण येतच होता ना गं? शामरावांचं असं होईल हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं, म्हणूनच डॉक्टरकडे जाऊ द्यायचं होतं, दादा. तुला चार माणसांनी पंतजी म्हणावं म्हणून तू माझ्या नवऱ्याचा डोळा घालवलास."

दत्तोपंतांनी पानपुडा मिटला. ती माघारी वळली आणि पुन्हा दादाच्या घराची पायरी चढली नाही.

शामरावांची बाहुली थोडी सुटली, पण धूसरपणा गेला नाही. गिरणीने त्यांना कापडावरून काढून गोदामात बसवलं. परदेशीपुऱ्यातल्या बायका हळहळायला आल्या, तेव्हा इंदुमती रडत बसली नाही. तिने त्यांना सांगितलं, "बघितल्याने डोळे येत नाहीत, एकाचा हात, पंचा, काजळाचं बोट दुसऱ्याच्या डोळ्याला लागलं की येतात. त्या नळीने तर गावभर वाटले. हात धुवा, पंचा वेगळा ठेवा. पण डोळा ठणकला, उजेड सोसेना की धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुणी थांब म्हटलं तर थांबू नका. आणि थांब म्हणणारा सख्खा भाऊ असला, तर मुळीच थांबू नका; कारण त्याचं आपण ऐकतो."